ताक्याच्या पायाचा कौल

शांतम्माने शेवंतीची एक पाकळी पाण्यात बुडवली, दोन बोटांत धरून निथळली आणि देवीच्या एका खांद्यावर चिकटवली. मग दुसरी घेतली. दोन्ही पाकळ्या एकाच फुलाच्या, एकाच मापाच्या. लहानमोठी लावली तर माणसांना कळत नाही पण देवीला कळतं, म्हणून माप नीट बघायचं असतं. तिने मान मागे नेऊन बघितलं, दुसरी पाकळी नखाने किंचित वर सरकवली आणि हात पदराला पुसला.

"पंखा बंद कर," ती मागे न बघता म्हणाली.

तिच्या मुलीने, महानंदाने, चुलीपुढून उठून बटण दाबलं. पंख्याची पाती हळूहळू दिसायला लागली, मग थांबली. खोलीत भाजलेल्या जोंधळ्याचा वास होता. निखाऱ्यांच्या कडेने कडक व्हायला उभ्या केलेल्या विकायच्या भाकऱ्या एकमेकींना टेकून होत्या. उंबऱ्याशी दुमडलेल्या पोत्यावर म्हातारा कुत्रा ताक्या पडला होता. ताकाच्या रंगाचा म्हणून ताक्या. त्याचा पुढचा एक पाय खांद्यापर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला होता आणि तो पाय त्याने आपल्यापासून लांब, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा ठेवला होता. बाहेरच्या पायरीवर टेंपोवाला गैबीसाब गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता.

शांतम्माने हात जोडले.

"आये, ताक्याचा पाय कापायचा असंल तर उजवी दे. ठेवायचा असंल तर डावी दे. आमाला काय कळत न्हाई. तूच सांग."

आपल्याला काही कळत नाही, हे शांतम्मा आख्ख्या जगात फक्त त्या वीतभर काळ्या दगडाच्या यल्लम्मालाच सांगायची.

मग सगळे थांबले. कौलात थांबणं हेच काम असतं. पाकळी ओली असते तोवर धरते, सुकली की सोडते. किती वेळ लागेल ते उन्हावर, फुलावर आणि देवीच्या मनावर. भवानी पेठेतले माग दुपारचे एका लयीत चालले होते. तो आवाज इतका जुना की ऐकू येत नाही, फक्त भिंतीला पाठ टेकली की पाठीत जाणवतो. दारातून आलेला उन्हाचा तुकडा फरशीवर सरकत सरकत ताक्याच्या शेपटीपर्यंत गेला. गैबीसाबच्या डोळ्यांवर झापड आली. शांतम्माही डोळे उघडे ठेवून कुठेतरी गेली होती. मागांचा आवाज तिला पायांचा वाटायला लागला, खूप पायांचा, लांबून येणारा आणि जवळ न पोचणारा.

पाकळी पडली तेव्हा आवाज झाला नाही. तरी तिघांनीही एकदम मान वर केली.

"डावी," शांतम्मा म्हणाली.

"म्हंजे?" गैबीसाबने टोपी हातात घेतली.

"म्हंजे कापायचा न्हाई."

"पर अम्मा, डॉक्टरबाई म्हणत हुत्या..."

"डॉक्टरबाई कालची पोरगी. ही हितं माज्या सासूच्या सासूपासनं बसलीया. कुणाचं ऐकायचं?"

गैबीसाबने देवीकडे बघितलं, ताक्याकडे बघितलं आणि टोपी डोक्यावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. महानंदाने पंखा लावला. ती काही बोलली नाही. पण ती कधीच काही बोलायची नाही, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

*

सोमवारी झालं ते असं. गैबीसाबचा टेंपो सूत गुंडाळलेले मागांचे बीम वाहतो, आणि आठवड्यातून एकदा शांतम्माच्या दारात जोंधळ्याची पोती टाकतो. टेंपो उभा राहिला की त्याच्या मागच्या चाकाच्या सावलीत ताक्या झोपणार, आणि इंजिन चालू झालं की उठून अंग झाडून बाजूला होणार. गेली आठ-नऊ वर्षं हेच. गैबीसाबला मागे वळून बघायची गरज उरली नव्हती. त्या सोमवारी इंजिन चालू झालं आणि ताक्या उठला नाही. म्हातारा झाला होता, ऐकू आलं नसेल. किंवा चांगलं स्वप्न पडलं असेल.

गैबीसाबने त्याला स्वतःच्या अंगावरच्या सदऱ्यात उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर हुस्ना म्हणजे तिशीची, चष्मेवाली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी बाई. तिने एक्सरे उजेडापुढे धरला. हाडाचा चुरा झालाय, ती म्हणाली, आणि त्याहून वाईट म्हणजे नस मेली आहे. पाय आहे, पण तो आपल्याला आहे हे त्याला माहीत नाही. तो पाय घासत चालेल, जखम होईल, जखम चिघळेल आणि विष रक्तात जाईल. खांद्यापासून काढून टाकला तर वाचेल. तीन पायांवर कुत्री झकास पळतात.

"तीन पायांचं स्टूल असतं," बरोबर गेलेली शांतम्मा म्हणाली होती. "कुत्रं न्हाई."

ताक्या तिचा होता असं नाही. ती तर म्हणायची, कुत्र्याला मालक नसतो, दार असतं. पण पेठेत त्याला शांतम्माचा ताक्या म्हणत. तो चालायचाही तिच्यासारखाच, मधोमध, रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखा. तो लंगडतोय आणि पोरं हसतायत हे तिच्या डोळ्यांपुढे आलं की तिच्या कपाळावरची शीर उभी राहायची. पण मन काही म्हणो, तिने मनाचं ऐकलं असं कुणी म्हणू नये. म्हणून तिने कौल लावला. चाळीस वर्षं ती पेठेचे कौल लावत आली होती. पोरगी द्यायची का, बोअर पाडायची का, ऑपरेशन करायचं का. सगळ्यांना एक नारळ आणि एक उत्तर. घासाघीस नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की शांतम्माच्या देवीनं कुत्र्याचा पाय राखला. बायका येऊन ताक्याला बघून गेल्या. एकीने त्याला हळदीचं बोट लावलं.

*

दोन दिवस गेले. ते दिवस कसे गेले ते नंतर शांतम्माला नीट सांगता आलं नसतं. हवा हलत नव्हती. ताक्या पडल्या जागी जागा असायचा आणि जागा असून नसायचा. त्याच्यापुढे टाकलेल्या भाकरीच्या तुकड्यावर मुंग्या आल्या. महानंदाने पीठ मळायची परात चुलीपासून उचलून उंबऱ्याजवळ आणली आणि तिथे बसून ती भाकऱ्या थापायला लागली. थापून झाली की उठायचं, तव्यावर टाकायची, परत येऊन बसायचं.

"किती खेपा मारतीस? येडी झालीस का?" शांतम्मा म्हणाली.

"माशा बसतेत त्याच्यावर," महानंदा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वास आला. भाकरीच्या वासाखालून, गोडसर. शांतम्माने आधी उदबत्ती लावली. मग दुसरी लावली. मग ती गैबीसाबला म्हणाली, "पट्टी बदलून आणू. देवीनं पाय ठेवा म्हणलंय, पट्टी बदलू नका म्हणलं न्हाई."

दवाखान्यात ताक्याला टेबलावर आडवा ठेवला. त्याचं तोंड शांतम्माकडे होतं. महानंदा डोक्याशी उभी राहून त्याच्या कानामागे खाजवत होती. डॉक्टर हुस्नाने पट्टी सोडली, बघितलं आणि पट्टी गुंडाळायच्या आधीच फोन उचलला.

"उद्या सकाळी दहाला येता येईल का?" ती फोनवर कुणाला तरी म्हणाली. "भूल द्यायला. कुत्रा आहे, नऊ-दहा वर्षांचा. उजवा पुढचा, खांद्यापासून. घरचे अजून तयार नाहीत, पण तुम्ही वेळ ठेवा."

"डावा," शांतम्मा म्हणाली.

डॉक्टरने फोन ठेवला. "काय आजी?"

"उजवा न्हाई, डावा हाय. डोळ्याला चष्मा आन् हे दिसत न्हाई? आमी कापू दिला असता तर भलताच कापला असता की."

डॉक्टर हुस्ना रागावली नाही. तिने ताक्याच्या धडक्या पायावर हात ठेवला.

"आजी, तुम्ही त्याच्या समोर उभ्या आहात. म्हणून तुम्हाला डावा वाटतो. पाय त्याचा आहे ना? मग बाजू त्याची धरायची. आपली नाही."

ती हे सहज म्हणाली. दिवसातून दोनदा कुणाला ना कुणाला सांगत असेल. लगेच वाकून ती जखम धुवायला लागली.

शांतम्माने आपला उजवा हात बघितला. मग ती जागच्या जागी वळली, हळू, पायाखाली ओलं असल्यासारखी, ताक्याकडे पाठ करून. आता ताक्याचं तोंड जिकडे होतं तिकडेच तिचंही होतं. समोर भिंत होती. भिंतीवर गाईचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. तिने पुन्हा उजवा हात उचलला आणि तो उचललेलाच राहिला.

"आजी, बरं वाटत नाही का? बसा."

"न्हाई," शांतम्मा म्हणाली. "बरी हाय."

महानंदा ताक्याच्या कानामागे खाजवत होती. तिने वर बघितलंच नाही.

"उद्या दहा," डॉक्टर म्हणाली. "त्यापुढे माझ्या हातात काही राहणार नाही. आज रात्रीत ताप चढला तर उद्याचंही सांगत नाही. तुम्ही घरी बोला."

*

टेंपोत शांतम्मा पुढे बसली, महानंदा ताक्याला घेऊन मागे. रस्त्यात ऊन इतकं होतं की लांबचे रिक्षावाले पाण्यात चालल्यासारखे दिसत होते.

"काय म्हणल्या डॉक्टरबाई?" गैबीसाबने विचारलं.

"फुडं बघून चालव."

तो पुढे बघत राहिला. थोड्या वेळाने आपल्याशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, "मला तर अम्मा, तुमच्या कौलामुळं झोप लागली परवा. सोमवारपासनं डोळा लागला नव्हता. देवीनं पाय राखलाय म्हणल्यावर सुधरंल. डॉक्टर लोक काय, कापायलाच शिकतेत."

शांतम्माने खिडकीकडे तोंड केलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली असती, देवीचं नाव घेऊ नकोस, गाडी मागे घेताना घेतलं असतंस तर बरं झालं असतं.

घराच्या पायरीवर दगडाबाई नारळ घेऊन बसली होती. तिच्या अमृतला पुण्याला नोकरी लागत होती, पाठवायचा का नाही, एवढं विचारायचं होतं.

"आज न्हाई," शांतम्मा म्हणाली.

"फकस्त एकच सवाल हाय की वो. पोराला उद्याच्याला कळवायचंय."

"देवी आज कुणाशी बोलणार न्हाई."

"का वो? काय झालं?"

"मागल्या महिन्यात तू पाच येळा आलीस. तुज्याशी बोलून दमलीया."

दगडाबाई हसली, नारळ ठेवून जाऊ का म्हणाली. शांतम्माने नारळही परत दिला. हे मात्र दगडाबाईला हसण्यासारखं वाटलं नाही. जाताना ती दोनदा मागे वळून बघत गेली.

*

शांतम्मा देवीपुढे बसली नाही. ती भिंतीला टेकून बसली, लांब, पाय पसरून. पाठीत माग चालू होते.

सासूने शिकवलं तेव्हा शांतम्मा सोळा वर्षांची होती. उजवी पडली की व्हय, डावी पडली की न्हाई, एवढंच सासू म्हणाली होती. कुणाची उजवी ते तिने सांगितलं नव्हतं आणि हिने विचारलं नव्हतं. शाळेत ती दोन वर्षं गेली होती. तिथे जे शिकली त्यात उजवा हात जेवायचा, एवढं होतं. जेवायचा हात तिला कळत होता. त्याच हाताच्या बाजूला पडली की व्हय.

आणि देवी तर समोर तोंड करून बसलेली होती.

तिने मोजत एकेक बोट दुमडायला सुरुवात केली. चार माग होते घरात. विकायचे का, म्हणून नवऱ्याने विचारायला लावलं होतं. डावी पडली. ठेवले. पुढे तीन वर्षांनी भंगारात गेले. एक बोट. बोअरला उजवी पडली, दोनशे फुटांवर धूळ निघाली. दुसरं बोट. देवी चुकली असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. देवीच्या मनात पुढचं काही असेल असं म्हणाले. ती स्वतःच म्हणाली होती.

तिसऱ्या बोटाशी ती थांबली.

कुर्डुवाडीचा मुलगा होता. रेल्वेच्या कारखान्यात कामाला. बघायला आला तेव्हा पोह्यांत मीठ जास्त झालेलं, आणि तो सगळे खाऊन वर पाणी मागून प्याला होता. महानंदा तेव्हा दाराआड उभी राहून हसली होती. तिचं हसणं शांतम्माला पदर बघून कळलं होतं, पदर हलत होता. त्याला डावी पडली. दोन महिन्यांनी दुसरं स्थळ आलं, अक्कलकोटच्या बाजूचं, किराणा दुकान, तालेवार. त्याला उजवी पडली. आठ महिन्यांनी महानंदा एक ट्रंक घेऊन परत आली, ट्रंक कॉटखाली सरकवली, हात धुतले आणि परातीपुढे बसली. तिला कुणी काही विचारलं नाही. तिने काही सांगितलं नाही. त्याला बावीस वर्षं झाली.

शांतम्माने हाताची मूठ केली आणि ती मांडीवर ठेवली.

बराच वेळ गेला. मग ती उठली. देवीचा पाट भिंतीपासून हातभर पुढे असायचा. ती त्याला वळसा घालून मागे गेली आणि भिंत आणि देवी यांच्या मध्ये, देवीचं तोंड होतं तिकडेच तोंड करून, अवघडून बसली. इथे ती कधी बसली नव्हती. इथून तिने आपलं घर कधी बघितलं नव्हतं. चूल या बाजूला, दार त्या बाजूला, सगळं उलटं, जसं पाण्यात दिसतं. देवीला ही अशी खोली दिसत होती तर. इतकी वर्षं. समोर उंबरा, उंबऱ्याशी कुत्रं, आणि कुत्र्याजवळ केस पिकत चाललेली एक बाई भाकरी थापत बसलेली.

तिने देवीच्या त्या खांद्याला हात लावला जिथून परवा पाकळी पडली होती. मग आपल्या त्याच खांद्याला लावला. उजवा.

"महानंदा."

महानंदाने मान वर केली. आईला देवाच्या मागे बसलेली बघून तिचे हात भाकरीवर थांबले. पण ती हसली नाही, किंवा काय करतीस असंही म्हणाली नाही.

"उजवी कुणाची धरायची गं?"

महानंदाने भाकरी एकदा फिरवली.

"देवीची," ती म्हणाली.

"तुला कवापासनं ठाऊक?"

"अक्कलकोटला आत्याच्या घरी लावायचे की. तितं बघितलं. लहानपणी."

"आन् बोलली न्हाईस."

"बोलले हुते. तू म्हणलीस, दुसऱ्याच्या घरातली अक्कल आपल्या घरात आणायची न्हाई."

शांतम्माला हे आठवलं नाही. पण वाक्य आपलंच आहे हे तिला ओळखू आलं. दुसरं कुणी असं बोलत नाही.

"कुर्डुवाडीच्या आदी म्हणलीस का मागनं?"

महानंदा भाकरी थापत राहिली. ती पातळ झाली, आणखी पातळ झाली, परातीचा तळ दिसेल इतकी झाली आणि कडेला फाटली. तिने ती गोळा केली, पाण्याचा हात लावून पुन्हा मळली.

"तवा तापलाय," ती म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.

बाहेर कुणाचा तरी माग थांबला. बाकीचे चालू होते. शांतम्मा भिंतीचा आधार घेत देवीच्या मागून बाहेर आली. गुडघे वाजले. देवीपुढच्या वाटीत शेवंतीचं फूल होतं, सकाळचं, अजून ताजं. तिने ते उचललं. तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं. एक पाकळी तोडली.

आता परत लावता येत होता. नीट, देवीच्या बाजूने. किंवा लावायचीही गरज नव्हती. देवी परवाच बोलून चुकली होती, काप म्हणाली होती. पण काप म्हणाली हे गल्लीला सांगायचं तर कसं सांगायचं, हे शांतम्माला समजत होतं. मग पुढचा माणूस विचारणार, माझ्या पोरीच्या वेळचं काय? बोअरचं काय? चाळीस वर्षांचे नारळ एकेक करून दारात येणार. आणि गप्प बसायचं तर उद्या दहा वाजता ताक्या इथेच, या पोत्यावर.

पाकळी तिच्या बोटांवर ओली झाली होती.

"लावू का परत?" तिने विचारलं. कुणाला विचारलं ते तिलाही माहीत नव्हतं.

महानंदा भाकरी शेकून परत आली आणि ताक्याजवळ बसली.

"तिला कशाला सारखं सारखं इचारतीस," ती म्हणाली. "त्याला बघ की."

"काय बघू? तीन दिस बघतीया."

"तू देवीला बघत हुतीस."

शांतम्माशी असं कुणी बोललं तर त्याला परत जाताना चपला सापडत नाहीत, असं गल्लीत म्हणत.

"मग तूच सांग," ती म्हणाली. "काय करायचं?"

हे तिने आजवर महानंदाला विचारलं नव्हतं. भाजी कुठली करायची हेसुद्धा नाही. महानंदा त्या प्रश्नाकडे एखादं अनोळखी भांडं बघावं तशी बघत राहिली. पण उत्तर द्यायला तिला वेळ लागला नाही.

"कापायचा."

"का?"

"झोपंत पळतो तो. दुपारी ऊन शेपटीवर आलं की पळतो. तू पण पडलेली असतीस तवा." ती थांबली. एवढं सलग बोलायची सवय नव्हती. "झोपंत पळताना तीनच पाय हलवतो, अव्वा. त्यो चौथा हलवतच न्हाई. त्यानं सोडलाय तो कवाच. आपुनच धरून बसलोय."

शांतम्माने पाकळी वाटीत ठेवली. ती ताक्याच्या समोर बसायला गेली, मग थांबली, आणि त्याच्या पाठीमागून येऊन त्याच्या बाजूने बसली. ताक्याचे डोळे मिटलेले होते. पापण्यांच्या आत काहीतरी इकडून तिकडे जात होतं. दोघी बघत बसल्या. उन्हाचा तुकडा आता भिंतीवर चढून तांबूस झाला होता. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, पण दोघींपैकी कुणी उठलं नाही.

आधी नख हललं. मग मागचा एक पंजा. मग दोन्ही मागचे आणि पुढचा एक, हलके, जमिनीला न लागता, एकामागून एक. ओठ थरथरले. छातीतून बारीक आवाज आला, दुखण्याचा नव्हे. तो कुठेतरी खूप वेगात चालला होता. पांढऱ्या पट्टीतला पाय पोत्यावर तसाच पडून होता.

शांतम्माने पदराचं टोक तोंडात धरलं. मग सोडलं.

"गैबीसाबला सांग, सकाळी नवाला गाडी लाव म्हणावं."

"बरं." महानंदा उठली, परातीतल्या पाण्यात हात धुतले. दारात जाऊन ती वळली. "कौलाचं इचारलं तर?"

शांतम्माने ताक्याच्या पट्टीवरची माशी हाकलली.

"सांग, देवीनं बरोबर सांगितलं हुतं. शांतम्माला डावं-उजवं कळत न्हवतं."

"असंच सांगू?"

"असंच. आन् मोठ्यानं सांग. दगडाबाईलाबी ऐकू जाऊ दे."

महानंदा पायऱ्या उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीत लांब गेला आणि मागांच्या आवाजात मिसळला. खोलीत शांतम्मा आणि ताक्या राहिले. त्याचे पाय थांबले होते. एक मोठा श्वास आला, गेला. मग ते पुन्हा हलायला लागले, या वेळी जास्त जोरात, आणि मागचा एक पंजा तिच्या मांडीला लागला.

शांतम्मा पोत्यावरून सरकून खाली फरशीवर बसली. त्याला पळायला जागा हवी होती.